टाचणीचा कोट

माझं रफू कुणाला सापडत नाही. बढाई नाही मारत, तीस वर्षं झाली मला या कामात. कोट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानाच्या माडीवर, दाराच्या उजव्या हाताला माझं टेबल. सिगरेटने पडलेलं भोक आणा, कसरीने खाल्लेली कॉलर आणा, खिळ्याला अडकून फाटलेली बाही आणा. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि त्याच धाग्यांनी फाटलेली जागा परत विणायची. एक उभा, एक आडवा, एक उभा, एक आडवा. डोळ्यांच्या पार खाचा होतात, पण काम झालं की कुठे फाटलं होतं ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून विचारतं, "बाई, नक्की हाच ना माझा?" मी म्हणते, "नसला आवडत तर ठेवून जा."

फक्त एका माणसाला सापडायचं. आमच्या ह्यांना.

हे त्याच माडीवर कटिंग मास्तर, म्हणजे खडूने आखून कापड कापणारे. खिडकीजवळचं मोठं टेबल ह्यांचं. लग्नाआधीपासूनचा आमचा एक खेळ होता. मी रफू केलेला कोट ह्यांच्या पुढ्यात टाकायचा, ह्यांनी डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कापडावरून फिरवत न्यायचं. बोट थांबायचं. "इथे." तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. मी चिडून म्हणायचे, "जळ्ळं मेलं ते बोट!" आणि हे खो खो हसायचे. लग्नाची मागणीसुद्धा ह्यांनी मला अशीच घातली, बोट रफूवर ठेवून. पण तो किस्सा राहू दे, तो सांगत बसले तर गोष्ट लांबेल.

गोष्ट आमच्या मुलीच्या कोटाची आहे. आणि मी केलेल्या चुकीची. आधीच बोलून टाकते, म्हणजे मध्येच मला माघार घेता यायची नाही.

मुलीला घरीदारी सगळे टाचणी म्हणतात. लहान असताना बापाच्या टेबलाखाली बसून पडलेल्या टाचण्या वेचायची, म्हणून. ह्यांनी तिला खडू धरायला शिकवला, मग कात्री. हात चांगला होता पोरीचा. ह्यांनी मनात पक्कं धरलं होतं, की आपण उठलो की या टेबलाशी टाचणी उभी राहणार. आणि ही बया एक दिवस सांगते काय, तर मी तयार कपड्यांच्या कारखान्यात जाते, तिथे मशीन आहे, एका वेळी चाळीस थर कापतं.

"चाळीस थर?" हे म्हणाले. "चाळीस माणसांना एकच खांदा?"

ती तरी ह्यांचीच मुलगी. म्हणाली, "बाबा, तुमचा कोट घ्यायची सगळ्यांची ऐपत नसते. थंडी सगळ्यांना वाजते."

ह्यांनी कात्री खाली ठेवली. मोठ्याने बोलले नाहीत, तेच वाईट. "मग जा. आणि परत या घरात पाऊल टाकू नकोस." ती गेली. चार वर्षं आली नाही. हे तिचं नाव काढत नव्हते, ती ह्यांचं काढत नव्हती, आणि माझं मेलीचं दोन्हीकडून मरण. तिला चोरून भेटायचं, ह्यांच्यापुढे गप्प बसायचं. चार वर्षं म्हणजे तोंडाने म्हणायला सोपं आहे.

आणि गेल्या वर्षी, थंडी पडायच्या आधी, ह्यांनी एक दिवस गर्द हिरव्या लोकरीचं कापड टेबलावर पसरलं. एकेरी. भारी कापड हे कधीच दुहेरी घालून कापत नाहीत, डावा भाग वेगळा, उजवा वेगळा. मापाची वही उघडी नव्हती.

"कुणाचा?" मी विचारलं.

"आहे एकाचा."

मी माझ्या टेबलावरून बघत होते. ह्यांनी खांद्याची रेघ मारली, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा एवढासा, अगदी एवढासा उतरता धरला. टाचणीचा डावा खांदा उतरता आहे. लहानपणी पडली होती जिन्यावरून. चार वर्षं तोंड न बघितलेल्या मुलीचं माप ह्यांच्या डोळ्यांत जसंच्या तसं होतं. मी पाठ फिरवून सुई ओवायला बसले. दहा मिनिटं ओवत होते, नेढ्यात दोरा जाईना.

माफी हा शब्द ह्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. ह्यांना कोटच कापता येतो, तर ह्यांनी कोट कापला. स्वतः कारखान्याच्या फाटकावर जाऊन तिला दिला. काय म्हणाले माहीत आहे? "खांदे उतरलेत तुझे. जेवत नाहीस धड." बस्स, एवढंच. पुढच्या रविवारी टाचणी तोच कोट घालून आमच्या दारात. त्या दिवशी मी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि दोघांनी मुकाट्याने प्यायला.

तर तो कोट कापताना एक लहानशी गोष्ट झाली. ह्यांचा हात सरकला. सरकला म्हणजे कसा, तर कुणीतरी दोरी ओढावी तसा उजवा हात गपकन आत ओढला गेला, त्याच बाजूचा गाल वर खेचला गेला, आणि हात परत जागेवर. एक-दोन सेकंदांचा मामला. पण कात्री चालू होती. डाव्या भागात, काखेखाली, बोटभर चीर आत गेली. हे त्या चिरेकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "आणा इकडे." आणि रफू करून दिलं. टाचणीला कशाला सांगायचं, एवढ्या आनंदाच्या वेळी.

मग आठवड्याभराने परत. मग दिवसाआड. मग रोज. हात ओढला जायचा, गाल उडायचा, आणि हे विचारायचे, "काय झालं? तू काही म्हणालीस?" सुरुवातीला हसू यायचं, खोटं कशाला बोलू. एक जाडजूड बाई माप द्यायला आली होती, ह्यांचा गाल नेमका तिच्याकडे बघताना उडाला, आणि तिला वाटलं मास्तरांनी डोळा मारला. बाई लाजल्या! दुसऱ्या दिवशी लाली लावून परत आल्या. मी ह्यांना म्हटलं, "या वयात शोभतं का?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. ते हसणं आता आठवलं की स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटतं.

आमचे मालक तरुण आहेत. त्यांच्या वडलांनी सांगून ठेवलं होतं, मास्तरांचा हात आहे तोवर दुकानात मशीन आणायचं नाही. पण मालकांच्या टेबलावर मशीनचं चित्रांचं पुस्तक कधीचं येऊन पडलेलं होतं, ते मी बघितलं होतं. मास्तरांचा हात सरकतो एवढं कळायचा अवकाश, की संपलं. म्हणून अळीमिळी गुपचिळी. हे कापायचे, मी कापलेले भाग आधी माझ्याकडे घ्यायचे, चीर असली तर विणून टाकायचे, मग ते शिवणाऱ्यांकडे जायचे. सहा महिने. किती कोट असतील? एकही परत आला नाही. एका माणसाने ओळखलं नाही. आणि मला त्याचा अभिमान होता हो. ह्यांचा हात मीच सांभाळला, असं मला वाटायचं.

टाचणी रविवारी यायची तेव्हा हे उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. एकदा तिने विचारलंच, "आई, बाबांचा गाल का उडतो?" मी म्हटलं, "दाढ दुखतेय त्यांची. डॉक्टरकडे जायला नको, तुला माहीतच आहे." तिने लवंगांची पुडी आणून दिली. ह्यांनी त्या लवंगा चघळल्या.

पाचव्या महिन्यात हे स्वतःच हट्टाने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर गेलेच. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळा होतं असं?" हे माझ्याकडे बघायला लागले, कारण ह्यांना स्वतःला धड सांगता येत नव्हतं. दिवसातून चाळीस वेळा होत होतं. त्या डॉक्टरांचा कोट आमच्याच दुकानातला, मालकांचे ते दोस्त. मी म्हटलं, "एक-दोनदा. दमले की." डॉक्टर म्हणाले, "वय झालं, मास्तर." आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

त्यानंतर ह्यांची आठवण जायला लागली. आधी बारीकसारीक. एकाच कापडावर दोनदा आखलं. रोजच्या गिऱ्हाइकाला नाव विचारलं. मग एक दिवस दुकानातून घरी यायला तीन तास लागले. तीस वर्षांचा रस्ता, दोन वळणं, त्यात एक पूल. पुलावर उभे होते, कुठे जायचंय ते आठवेना म्हणून. मी ओरडले त्यांच्यावर. भीतीने ओरडले, पण ओरडले ते ओरडलेच. आणि मग एका सकाळी कापायच्या टेबलावरच आडवे झाले. डोळे वर, दातखीळ, सगळं अंग ताठ. खडूची पेटी खाली पडून चुरा झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हे काहीतरी निराळं आहे.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने टाचणीएवढ्या. खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसल्या आणि अर्धा तास नुसत्या बघत राहिल्या. त्या अर्ध्या तासात चार वेळा हात उडाला. मग रक्त घेतलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी घेतलं, डोक्याचा एमआरआय काढला. रक्तातलं सोडियम कमी निघालं, त्यावर त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीतच होतं. आठवड्याने आम्हाला बसवून सांगितलं.

"हे जे दोन सेकंदांचे झटके आहेत ना, या फिट्सच आहेत. हा अपस्मार आहे."

मी म्हटलं, "फिट म्हणजे माणूस पडतो. हे तर उभे असायचे."

"उभ्या माणसालाही येतात. सगळा अपस्मार एकाच कारणाने होत नाही. आपलं शरीर जंतूंशी लढण्यासाठी अँटिबॉडी तयार करतं. यांच्या शरीराने चुकून स्वतःच्या मेंदूविरुद्धच त्या तयार केल्यात. मेंदूत आठवण धरून ठेवणारा जो भाग असतो, नेमका तिथेच हल्ला चाललाय. म्हणून नुसत्या फिटच्या गोळ्यांनी भागणार नाही. तो हल्ला थांबवावा लागेल."

"म्हणजे ह्यांचं रक्तच ह्यांच्यावर उठलंय?"

"तसंच समजा. शत्रू कोण आणि आपलं कोण, यात त्याची गफलत झालीय."

मी ऐकत होते. जन्मभर मी दुसऱ्यांचं फाटलेलं जोडत बसले, आणि ह्यांच्या आतच टाके उसवत होते. टाचणी शेजारी बसून सगळं वहीत लिहून घेत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "या आजारात बहुतेक वेळा झटके आधी येतात. आठवण नंतर जाते. मध्ये थोडे आठवडे, कधी थोडे महिने मिळतात. तेवढ्यात पकडलं, तर पुष्कळांची आठवण वाचवता येते." मग माझ्याकडे वळल्या. "पहिला झटका कधी आला होता?"

टाचणीचं पेन थांबलं होतं. तिलाही ऐकायचं होतं.

"झाले असतील दोनेक महिने," मी म्हटलं.

तिने तसं लिहून घेतलं. माझं तोंड तेव्हाही उघडलं नाही, बघा.

पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉईड दिलं. मग दुसऱ्या लोकांच्या रक्तातून काढलेलं एक औषध, बाटलीमागून बाटली. चौथ्या दिवशी झटके थांबले. मी पलंगाशेजारी बसून घड्याळ लावून ह्यांच्या हाताकडे बघत होते. एक तास झाला. दोन झाले. हात शांत, उशीवर पडलेला. मी टाचणीला फोन केला, "ये गं, ये लवकर, बाबा बरे झाले." रडत होते, हसत होते, नर्सबाईंच्या गळ्यात पडले.

टाचणी धावत आली. ह्यांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हिला कुणी बोलावलं?"

मला वाटलं थट्टा करतायत. टाचणीलाही तसंच वाटलं, ती हसली. तर हे मला म्हणतात, "गेल्या महिन्यात सांगितलं ना मी? ती चाळीस थरांची माझ्या ओळखीची नाही."

गेली चार-पाच वर्षं पुसून गेली होती. जुनं सगळं शाबूत. मला ओळखत होते, मालकांच्या वडलांची नक्कल करून दाखवत होते. भांडण आठवत होतं, शब्दन् शब्द, ताजं, कालचं असल्यासारखं. कोट आठवत नव्हता. फाटकावर गेलेले आठवत नव्हतं. ते सगळे रविवार आठवत नव्हते. आणि नवीन काही टिकतही नव्हतं, सकाळचं संध्याकाळी गायब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडं सुधारेल, सगळं परत येईल असं सांगत नाही. "उशीर झाला थोडा," एवढं त्या हळूच म्हणाल्या. मालकांनी दोन महिने वाट बघितली आणि मशीन आणलं. त्यांना तरी काय बोलणार.

घरी आणल्यावर टाचणी दोनदा आली. दोन्हीदा ह्यांनी तिला दारातून परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती जिन्यावर बसून रडली. म्हणाली, "आई, चार वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. परत नाही जमणार मला." आणि तेव्हा मला कोट आठवला. ह्यांना माणसाचं बोलणं खोटं वाटेल, पण स्वतःची कात्री हे ओळखतात. मी म्हटलं, "रविवारी तो हिरवा कोट घालून ये."

ती आली. ह्यांनी कपाळाला आठी घातली, पण नजर कोटावर गेली. जाणारच. "इकडे ये," म्हणाले. उठून तिच्याभोवती एक चक्कर मारली. खांद्यावर तळहात ठेवला, डाव्या खांद्यावर.

"हा कुणी कापला?"

"तुम्हीच, बाबा."

"खांदा तर माझाच आहे," हे हळूहळू म्हणाले. "दुसऱ्या कुणाला असा उतरता धरता यायचा नाही. पण मी कधी..." चेहरा सैल पडत चालला होता. मी बघत होते. आता मिठी मारतात, आता मारतात. ह्यांनी सवयीने डोळे मिटले आणि बोट कोटावरून फिरवायला लागले. छातीवरून, बाजूच्या शिवणीवरून, वर काखेकडे.

बोट थांबलं.

"इथे रफू आहे."

टाचणीने माझ्याकडे बघितलं. "रफू? या कोटाला?"

"चीर आहे इथे. बोटभर. कापतानाची." ह्यांनी डोळे उघडले, आणि ते परत भिंतीकडे बघितल्यासारखे झाले होते. "माझी कात्री अशी सरकत नाही. तीस वर्षांत सरकलेली नाही. कुणीतरी माझी नक्कल केलीय. काढ हा कोट. आणि जा."

टाचणी बटणं काढायला लागली. एक बटण निघालं, दुसरं निघालं. आणि मी म्हटलं, "थांब."

मी सांगितलं. सगळं. हात कसा उडायचा, मी कसं विणून टाकायचे, त्या डॉक्टरांना चाळीसचं एक-दोन कसं केलं, दाढेचं कसं सांगितलं. आणि एक गोष्ट, जी मी तुम्हालाही अजून सांगितलेली नाही. त्या पहिल्या दिवशी, हिरव्या कापडावर चीर पडल्यावर, हे घाबरले होते. मला म्हणाले होते, "अगं, हा हात माझा नव्हता. उद्या डॉक्टरला दाखवून येऊ." आणि मी म्हटलं होतं, "एवढ्याशाला डॉक्टर कशाला? रफू करते ना मी. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

टाचणीच्या वहीत 'दोनेक महिने' असं लिहिलेलं होतं, ते तिला आठवत असणार. ती माझ्याकडे बघत होती, आणि तसं तिने मला कधी बघितलं नव्हतं.

हे मात्र माझ्याकडे बघत नव्हते. बोट अजून त्या जागेवर होतं. "म्हणजे चूक माझ्याच हाताची," हे म्हणाले. "म्हणजे कोट माझाच." मग टाचणीला म्हणाले, "म्हणजे मी तुला कोट दिला होता?"

"हो, बाबा. फाटकावर येऊन."

"काय म्हणालो?"

"खांदे उतरलेत म्हणालात. जेवत नाहीस म्हणालात."

"बरोबरच आहे. नाहीच जेवत." आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मग मान वळवून मला विचारलं, रागाने नाही, नुसतं विचारलं, "मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

मी पदर तोंडात कोंबून आत गेले. ती दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसली. कॉलर कशी बसवायची, मशीनला कॉलर का जमत नाही. जाताना टाचणी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आणि सोमवारी सकाळी हे मला विचारतात, "टाचणीची काही खबर?" कालचा रविवार पुसून गेला होता, आवाज परत त्या जुन्या भांडणातला.

तेव्हापासून दर रविवारी हे असंच. ती कोट घालून येते, हे आठी घालतात, खांदा ओळखतात, बोट फिरवतात, बोट थांबतं. आणि मी सांगते. पहिल्यापासून. मी सांगितल्याशिवाय कोट ह्यांचा होत नाही, आणि कोट ह्यांचा झाल्याशिवाय मुलगी ह्यांची होत नाही. एकदा मी ते रफू उसवून नव्याने केलं, आठ दिवस खपून, जन्मात केलं नसेल इतकं बारीक. सापडलं. वाटलं होतं, सांगून सांगून पाठ होईल, मग लागणार नाही इतकं. नाही होत पाठ. हे प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतात ना. कधी संतापतात, कधी गप्प होतात. एकदा म्हणाले, "वेडी आहेस," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो रविवार मी जपून ठेवलाय. पण तो प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारतात.

टाचणी दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते.

गेल्या रविवारची गोष्ट. बोट थांबलं. "इथे रफू आहे," हे म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात टाचणी पटकन म्हणाली, "माझ्या हातून झालं ते, बाबा. तुम्ही कापत होता, मी मध्येच कात्री ओढली. लहानपणीची खोड."

हे तिच्याकडे बघायला लागले. विश्वास बसत चालला होता. "तुझी धांदल काही जायची नाही," म्हणाले, आणि हसले. टाचणीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने मान एवढीशी हलवली. बस कर आता आई, असं. किती महिन्यांनी तिने मला आई म्हणून बघितलं होतं. तिने माझ्यासाठी रफू घातलं होतं, आणि छान घातलं होतं, ह्यांनासुद्धा सापडलं नव्हतं.

गप्प बसले असते तर चाललं असतं. त्या दिवशी चाललं असतं, पुढच्या रविवारीही चाललं असतं. मला किती हवं होतं ते. पण ह्यांना आतापर्यंत सगळ्यांनी झाकूनच ठेवलंय. ह्यांचा हात उडत होता तेव्हा मी झाकलं, आता पोरगीही झाकायला शिकली. तेही माझ्याचमुळे.

"नाही हो," मी म्हटलं. "खोटं बोलतेय ती. मी सांगते."

टाचणीने डोळे मिटले. मग खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, ह्यांच्या नाही, माझ्या. हे आम्हा दोघींकडे बघत होते, बोट कोटावर तसंच. मी पहिल्यापासून सांगितलं. हिरवं कापड, खांद्याची रेघ, सरकलेला हात, लवंगा, चाळीसचं एक-दोन, सगळं. ह्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.